शब्दचर्चा: ब्रूस लीवरचा ‘माहितीपट’ की ‘चरित्रपट’?

प्रश्न: १९९३ सालचा ‘ड्रॅगन: द ब्रूस ली स्टोरी’ आणि २०२० सालचा ‘बी वॉटर’ या दोहोंचा उल्लेख एका लेखात ‘चरित्रपट’ असा केलेला आढळला. दोन्हींचा विषय एकाच माणसाचे आयुष्य असल्याने हा शब्द चालावा, की दुसऱ्यासाठी ‘माहितीपट’ किंवा ‘अनुबोधपट’ म्हणावे?

उत्तर: ‘चरित्र’ या शब्दाचा अर्थ पाहता तो दोन्हींना चालायला हवा, परंतु रूढी तशी नाही. चरित्रपट म्हटले की कोणी नट चरित्रनायकाची भूमिका करतो आहे, असे वाचक गृहीत धरतो. ‘ड्रॅगन’मध्ये जेसन स्कॉट ली यांनी (आडनाव तेच असले तरी नाते नाही) ती केली आहे आणि कथेच्या सोयीसाठी घटनाही बदलल्या आहेत, १९७० साली वजने उचलताना झालेली पाठीची दुखापत तेथे प्रतिस्पर्ध्याच्या लाथेने झालेली दाखवली आहे. चरित्रपटाला आपण एवढी मुभा देतो. बाओ न्गुएन यांच्या ‘बी वॉटर’मध्ये जुन्या चित्रफिती आणि ब्रूस लीला ओळखणाऱ्यांचे बोलणे आहे, त्यामुळे तेथे असा फेरफार झाला असता तर तो खोटेपणाच ठरला असता. म्हणून तो माहितीपट. ‘अनुबोधपट’ चूक नाही. मात्र चित्रपटगृहात मुख्य चित्रपटाआधी दाखवल्या जाणाऱ्या सरकारी पटांमुळे त्याला उपदेशाचा वास लागला आहे, आणि कुंग फूच्या नायकाला तो मानवत नाही.

प्रतिप्रश्न: मग खरे चित्रण तो माहितीपट, असे म्हणावे का? ‘गेम ऑफ डेथ’ (१९७८) हा कथापट आहे, पण त्यात ब्रूस लीच्या अंत्यविधीचे खरे चित्रण वापरले आहे.

उत्तर: उदाहरण नेमके आहे, आणि त्यामुळेच ती व्याख्या टिकत नाही. ते चित्रण तेथे बिली लो या काल्पनिक पात्राच्या अंत्यविधीचे म्हणून खपवले आहे. उलट ब्रूस लीने १९७२ मध्ये याच चित्रपटासाठी चित्रित केलेले, म्हणजे मुळात अभिनयाचे, प्रसंग जॉन लिटल यांनी ‘अ वॉरियर्स जर्नी’मध्ये (२०००) त्याच्या टिपणांच्या आधारे पुन्हा जुळवले, तेथे ते त्याच्या अपुऱ्या राहिलेल्या कामाचा पुरावा म्हणून येतात. चित्रण कशाचे आहे यापेक्षा ते काय म्हणून दाखवले आहे, यावर शब्द ठरतो.

आणखी एक सूचना: ‘जीवनपट’ का नको?

उत्तर: जीवनपट हा आयुष्यक्रम, तो पडद्यावर असावाच लागतो असे नाही, एखाद्या गौरवलेखातही तो उलगडतो. माबेल च्युंग यांचा ‘ट्रेसेस ऑफ द ड्रॅगन’ (२००३) हा ‘जॅकी चॅनच्या आईवडिलांचा जीवनपट उलगडणारा माहितीपट’ आहे, असे लिहिल्यास दोन्ही शब्द आपापल्या जागी राहतात.