जुन्या फोर व्हील गाड्यांची दुखणी : आपापले अनुभव लिहा

मराठवाड्यात शेतरस्त्यांसाठी ठेवलेल्या जुन्या फोर व्हील, म्हणजे चारही चाकांना इंजिनचा जोर देता येणाऱ्या, जीप आणि जिप्सी अजून बऱ्याच दिसतात. मात्र पुढचे हौसिंग (चाकांमधल्या आसाची तेल भरलेली पेटी) आणि ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना जोर वाटून देणारी गिअरची पेटी) उघडून नीट बसवणारे मिस्त्री शोधावे लागतात. म्हणून आपल्या गाडीची मूळ तक्रार काय होती, संशय कशावर होता आणि शेवटी कारण काय निघाले, हे सविस्तर लिहावे, ही विनंती. 'काम करून घेतले, गाडी ठीक झाली' एवढ्यावर थांबू नये.

परभणीहून
आमच्या डिझेल जीपच्या पुढच्या चाकाच्या आतल्या बाजूने तेल गळत असे आणि ऑइल सील (तेल अडवणारी रबरी कडी) बदलले तरी थोड्याच दिवसांत गळती पुन्हा सुरू होई. एका वयस्कर मिस्त्रींनी सीलकडे न पाहता हौसिंगवरचा ब्रीदर, म्हणजे आतल्या हवेला वाट देणारी टोपी, काढला. करंगळीच्या पेराएवढी ती टोपी, आणि तिच्यात काळी माती सिमेंटासारखी घट्ट बसलेली! गाडी चालताना हौसिंग तापते, आतली हवा फुगते आणि तिला वाट मिळाली नाही की ती तेलाला सीलमधून बाहेर ढकलते. उलट, तापलेले हौसिंग ओढ्याच्या पाण्यात बुडाले की आतली हवा आकसते आणि त्याच सीलमधून पाणी आत ओढले जाते. खालचा बोल्ट काढल्यावर तेल दुधट निघाले, तेव्हा शंका उरली नाही. ब्रीदरच्या जागी रबरी नळी जोडून तिचे टोक बॉनेटखाली उंच नेले, नवे सील आणि ९० नंबरचे गिअर तेल घातले. त्यानंतरचे पावसाळे कोरडे गेले, म्हणजे हौसिंगपुरते. पावसाळा संपल्यावर ब्रीदर तपासणे मी तेल बदलण्याइतकेच आवश्यक मानतो.

लातूरहून
आमच्याकडे फोर व्हील लावण्या-काढण्याचा दांडा अडकत असे आणि ट्रान्सफर केस उघडण्याचा सल्ला मिळाला होता. प्रत्यक्षात मागचे टायर नवे होते आणि पुढचे झिजलेले, म्हणजे घेराने लहान. या गाड्यांना मधले डिफरन्शियल (पुढच्या-मागच्या चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारी गिअरची जोडणी) नसल्यामुळे पुढच्या आणि मागच्या चाकांच्या फेऱ्यांतला फरक मातीत चाक घसरून निघून जातो. कोरड्या डांबरावर तो निघत नाही आणि गिअर एकमेकांना धरून बसतात. अशा वेळी दांड्यावर जोर न करता गाडी सरळ रेषेत थोडी मागे घ्यावी, म्हणजे तो सुटतो. चारही टायर सारखे केल्यावर आमची तक्रार संपली.

जालन्याहून
जिप्सीचे स्टिअरिंग ६०च्या आसपास जोरात थरथरत असल्यास व्हील बॅलन्सिंग अवश्य करावे, पण तेवढ्याने भागले नाही तर किंग पिन (जिच्यावर पुढचे चाक वळते तो खुंटा) पाहावी. जॅकवर चढवलेल्या पुढच्या चाकाला वर आणि खाली हात लावून हलवावे आणि दुसऱ्या माणसाला ब्रेक दाबून धरायला सांगावे. ब्रेक दाबल्यावर ढिलाई नाहीशी झाली तर चाकाचे बेअरिंग सैल आहे. तशीच राहिली तर किंग पिनचे. आमच्याकडे बेअरिंग बदलून आणि शिम (पातळ पत्र्याच्या चकत्या) कमी करून काम झाले. नुसता स्टिअरिंग डॅम्पर (थरथर दाबणारा शॉक अब्सॉर्बर) लावून देणे म्हणजे, माझ्या मते, दोष झाकून ठेवणे.

कन्नडहून
चाळीसगावकडून घाट चढताना इंजिन तापत असे. रेडिएटरच्या जाळीत बाहेरून चिखल आणि काडीकचरा बसला होता. आतल्या, म्हणजे इंजिनच्या बाजूने हलक्या पाण्याने धुतल्यावर फरक पडला. पाण्याचा दाब जास्त असला तर जाळीच्या पट्ट्या वाकतात.

हिंगोलीहून
डिझेल गाडी रात्रभर उभी राहिली की सकाळी एअर घेत असे (डिझेलच्या नळीत हवा शिरलेली असे) आणि हातपंप मारून, ब्लीड स्क्रूतून बुडबुडे थांबेपर्यंत हवा काढली की सुरू होई. इंजिनच्या डिझेल पंपाचे खर्चिक काम काढण्याआधी आम्ही टाकीऐवजी स्वच्छ डिझेलच्या कॅनमधून वेगळी नळी पंपाला जोडून पाहिली. गाडी सकाळी पहिल्या सेल्फला सुरू झाली, म्हणजे पंप निर्दोष ठरला. दोष टाकीजवळच्या रबरी नळीत होता: क्लिपखाली ती बारीक चिरली होती, बाहेर डिझेलचा थेंबही दिसत नव्हता, पण हवा मात्र आत जात होती.