शवविच्छेदनाआधीचा सीटी : खरी दुखापत की मृत्यूनंतरचा बदल?

न्यायवैद्यक_निवासी :
उंचावरून पडल्याचा संशय, सीपीआर (हृदय पुन्हा चालू करण्यासाठी छाती दाबणे) दिलेला, मृत्यूला साधारण दीड दिवस. अशा देहाच्या सीटीत तीन ठिकाणी घोळ होतो. पुढच्या बरगड्या पडल्यामुळे मोडल्या की सीपीआरमुळे? हृदयात आणि यकृतात दिसणारा वायू कशाचा? आणि कवटीत मागच्या बाजूला दिसणारा पांढरेपणा रक्तस्राव समजायचा का?

क्षकिरण :
सीपीआरची फ्रॅक्चर बहुधा दुसऱ्या ते सातव्या बरगडीत, पुढच्या भागात आणि उरोस्थीच्या दोन्ही बाजूंना ओळीने सापडतात. पुष्कळदा बरगडीची आतली कड नुसती मुडपते, बाहेरची शाबूत राहते. सोबत उरोस्थी आडवी मोडलेली असू शकते. याउलट मणक्यालगत मागे तुटलेल्या बरगड्या, पहिली बरगडी किंवा खांद्याचे पाते मोडलेले दिसले तर ते सीपीआरच्या खाती टाकू नका.

वायूबाबत वेळ फार महत्त्वाची. कुजण्याचा वायू यकृताच्या पोर्टल शिरा (आतड्याकडून यकृतात रक्त नेणाऱ्या), हृदयाचे कप्पे, मेंदूच्या वाहिन्या असा सगळीकडे पसरतो. दीड दिवसानंतर हृदयात वायू दिसला एवढ्यावरून एअर एम्बोलिझम (हवा रक्तात शिरून अडथळा होणे) लिहिणे धोक्याचे आहे. सीपीआरमुळेही तिथे वायू येतो. देह शीतगृहात होता का, केव्हापासून, हे अहवालात हवेच.

मागच्या पांढरेपणाचे कारण साधे आहे. देह उताणा असला की रक्त खाली बसते आणि कवटीतल्या मागच्या सायनसची (मेंदूतले रक्त वाहून नेणाऱ्या मोठ्या शिरांची) घनता वाढते. मेंदूला सूज असेल तर मेंदू काळसर दिसतो, त्यामुळे सिस्टर्न (मेंदूभोवतीच्या द्रवाच्या जागा) उगाच पांढरे वाटतात आणि सबअरॅक्नॉइड रक्तस्रावाचा (मेंदूच्या आवरणाखालील रक्तस्रावाचा) भास होतो. नुसत्या आडव्या छेदांवर निर्णय देऊ नका, कोरोनल (समोरून) आणि सॅजिटल (बाजूने) छेद पाहा. कवटीच्या मोडीची बारीक रेषा छेदाच्याच पातळीत असली तर आडव्या छेदात निसटते, तीही तिथेच सापडते.

सीटी_तंत्रज्ञ :
मृतदेहाची बॅग उघडू नका, सीलसकट स्कॅन करा. किरणांच्या मात्रेची चिंता नाही, त्यामुळे एमएएस (किरणांचे प्रमाण ठरवणारी सेटिंग) सढळ ठेवा. छेद 1 मिमी किंवा त्याहून पातळ आणि एकमेकांवर चढणारे. हाडांसाठी तीक्ष्ण आणि मऊ ऊतींसाठी मृदू, असे एकाच डेटाचे चित्रांचे दोन संच बनवा. डोके-मान हात खाली ठेवून, धड शक्यतो हात वर घेऊन. पण देह ताठरलेला असेल तर हात जबरदस्तीने वळवू नका, नवी इजा होते. गोळी किंवा धातू असेल तर एक्स्टेंडेड सीटी स्केल (घनतेची वाढवलेली मोजपट्टी) लावा. नेहमीचे मोजमाप 3071 हाउन्सफील्डला (सीटीतल्या घनतेचे एकक) थांबते, त्यापुढचे सगळे धातू सारखेच दिसतात.

विच्छेदक :
एक कळकळीची विनंती : भोसकल्याची जखम असेल तर स्कॅनआधी तिच्यात सळई घालू नका. हवा आत जाते आणि खोटा मार्ग तयार होतो. मग चित्रावर भरवसा ठेवता येत नाही.

साध्या सीटीत महाधमनीची फाट थेट दिसत नाही, छातीत साचलेले रक्त दिसते. मानेच्या अस्थिबंधांची इजा, हृदयाला लागलेला मुका मार, थायरॉइड कूर्चेच्या न कॅल्सिफाय झालेल्या शिंगाची मोड या गोष्टी सहज हुकतात. हायॉइडचे (जिभेखालच्या नालाकृती हाडाचे) मोठे शिंग न जुळलेले असेल तर ती फट फ्रॅक्चरसारखी दिसते. कडा गुळगुळीत असल्या आणि विच्छेदनात आसपास रक्त नसले तर ती मोड नव्हे. मणक्यापुढचा मऊ भाग जाड दिसला की मान मागून उघडायचे आधीच ठरवा.

न्यायवैद्यक_निवासी :
फाटलेली वाहिनी नेमकी शोधायची असेल तर?

क्षकिरण :
पोस्टमॉर्टेम अँजिओग्राफी, म्हणजे मृतदेहाच्या रक्तवाहिन्या भरून काढलेला सीटी. मांडीच्या धमनी-शिरेत नळ्या घालून तेलात मिसळलेले कॉन्ट्रास्ट (स्कॅनमध्ये उठून दिसणारे द्रव्य) देतात. स्वित्झर्लंडमधील लोझानच्या गटाने रूढ केलेल्या बहुटप्पी पद्धतीत प्रौढांसाठी धमनीत सुमारे 1200 मिली, शिरेत 1800 मिली, शेवटच्या गतिमान टप्प्यात 500 मिली. साधा सीटी मात्र त्याआधी झालेला हवा आणि विषतपासणीसाठी रक्त-लघवीचे नमुनेही आधीच घ्या. कुजलेल्या देहात वाहिन्यांतून द्रव झिरपतो, तो गळतीचा ठिपका फाट समजू नका. कॉन्ट्रास्ट पोकळीत साचले आहे का आणि तिथेच रक्तही आहे का, हे साध्या सीटीशी ताडून पाहा.