मुलीची थेरपी सुरू आहे, पण रात्री घरी मीच कच खाते. मदत हवी आहे

माझी मुलगी अकरा वर्षांची आहे. ती जवळ नसताना मला काहीतरी होईल, ही भीती तिच्या मनात घर करून बसलीय. सकाळी पोट दुखतं, शाळेच्या फाटकाशी जाऊन परत फिरते. पोटाच्या तपासण्यांत काही निघालं नाही. सेपरेशन अँग्झायटीचं (जवळच्या माणसापासून दूर होण्याच्या भीतीचं) निदान झालं आणि सीबीटी, म्हणजे विचार आणि वागणं हळूहळू बदलायला शिकवणारी थेरपी, सुरू केली.

सहा सत्रं झाली. थेरपिस्ट मॅडमनी तिच्याकडूनच भीतीची शिडी काढून घेतली. सगळ्यात खाली 'आई गच्चीवर, मी घरात, पाच मिनिटं', सगळ्यात वर 'मावशीकडे एक रात्र'. दोन पायऱ्या चढलीसुद्धा! माझं अडतंय ते रात्री. दिवा मालवला की, "आई, उद्या न्यायला येशील ना?" "येईन." दोन मिनिटांनी परत तेच. पांघरुणाचं टोक बोटाभोवती गुंडाळत विचारत राहते. मॅडम म्हणतात, एकदाच उत्तर द्या; दर वेळी दिलंत तर उत्तराशिवायही भीती ओसरते हे तिला कळणारच नाही. पटतं मला. पण काल गप्प राहिले तर हुंदके देऊन रडली, आणि पाचव्यांदा मी "येईन गं" म्हणाले.

तुम्ही अशा वेळी नक्की काय बोलायचात? आई झिडकारतेय असं तिला वाटायला नको.

गोळ्यांबद्दलही अनुभव सांगा. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या ४८८ मुलांच्या अभ्यासात नुसत्या सीबीटीने सुमारे ६० टक्के, नुसत्या सर्ट्रालिनच्या (चिंतेवरच्या औषधाच्या) गोळ्यांनी ५५ टक्के, तर दोन्ही मिळून ८१ टक्के मुलं बरीच सुधारली होती. तरी मन धजत नाही.

प्रतिसाद १
ताई, गप्प राहू नका. आम्ही मुलगा शांत असताना, दिवसाच एक वाक्य ठरवलं होतं: "तुला भीती वाटतेय हे मला कळतंय, आणि तुला हे झेपेल." रात्री तेवढंच बोलून पाठीवर हात ठेवून बसायचो. पहिला आठवडा रडणं वाढलं, मग हळूहळू उतरलं. मी मध्येच विरघळलो की मात्र पुन्हा पहिल्यापासून. काल रात्रीचं मॅडमना जसंच्या तसं सांगा, पालकांसाठी वेगळं सत्र मागून घ्या. गोळ्यांचं बालमनोविकारतज्ज्ञांशीच बोला. आम्हाला लागल्या नाहीत, पण म्हणून तुम्हालाही लागणार नाहीत असं मी म्हणणार नाही.

धागाकर्ती
वाक्य दिवसा ठरवायचं हे सुचलंच नव्हतं. उद्या दुपारी तिलाच विचारते, कुठलं वाक्य ऐकायला आवडेल.