सीलँडच्या अकरा जणांना राष्ट्रीय संघ म्हणायचं का?

पंचाची शिट्टी
परवा इथे कुणीतरी लिहिलं, "सीलँडचा राष्ट्रीय फुटबॉल संघ, फिनलंडच्या आलँड बेटांशी २-२ बरोबरी, चिमुकल्या देशाची मोठी झेप." वाचून डोकंच फिरलं, म्हणून सविस्तर लिहितोय. देश कुठला? सफोकच्या किनाऱ्यासमोर ब्रिटिशांनी दुसऱ्या महायुद्धात उभारलेला बुरूज आहे तो. काँक्रीटचे दोन पोकळ खांब आणि वर डेक. १९६७ मध्ये रॉय बेट्सने तो ताब्यात घेतला आणि देश जाहीर केला. आंतरराष्ट्रीय सामन्याला किमान १०० बाय ६४ मीटरचं मैदान लागतं, ते तिथे मावणार कुठे? २००४ च्या त्या आलँड सामन्यात सीलँडच्या नावाने उतरला होता डेन्मार्कमधला एक क्लब. २०१२ मध्ये हिंदी महासागरातल्या चागोस बेटांच्या संघाकडून १-३ हरले, तेव्हा सीलँडच्या संघात राल्फ लिटल हा नट होता. जोडीला सायमन चार्लटनसारखा निवृत्त बचावपटू. हे राष्ट्र नव्हे. फिफाबाहेरच्या एकाही संघाला 'राष्ट्रीय' म्हणू नये.

सात नंबर
शेवटच्या वाक्यावर सगळा घोळ झालाय. ज्या सामन्याचा दाखला देताय, त्यातला समोरचा संघ पाहिलात का? चागोसमधल्या दिएगो गार्सिया बेटावर लष्करी तळ हवा म्हणून ब्रिटनने १९६८ ते १९७३ या काळात चागोसच्या लोकांना बेटांवरून उठवलं. त्यातले बरेच जण आणि त्यांची मुलंबाळं आज लंडनच्या दक्षिणेला क्रॉलीत राहतात. म्हणजे एका बाजूला माणसं नसलेला देश आणि दुसऱ्या बाजूला देश हिसकावलेली माणसं. दोघांना एकाच पोत्यात कसं भरता?
आणि फिफाचा कागद म्हणजे काय, ते स्पेनच्या टोकाला असलेल्या ब्रिटनच्या जिब्राल्टरला विचारा. फिफाकडे अर्ज १९९७ चा. २००१ मध्ये यूएफाने, म्हणजे युरोपच्या फुटबॉल महासंघाने, नियम बदलला की संयुक्त राष्ट्रांची मान्यता हवी. जुन्या अर्जाला नवा नियम लावता येत नाही, हे क्रीडा लवादाकडून मिळवावं लागलं. यूएफात २०१३ ला आले, फिफात २०१६ ला. खेळाडू तेच, खडकही तोच. मग २०१२ मध्ये ते राष्ट्रीय नव्हते का?

पंचाची शिट्टी
कागद नको म्हणता, मग खोटा टोगो आठवा. ७ सप्टेंबर २०१०, बहारीनशी मैत्रीपूर्ण सामना, ०-३. टोगोच्या महासंघाने सांगितलं, हा संघ आम्ही पाठवलेलाच नाही. कागद तपासला नाही की असंच होतं.

साळसेतकर
उलट आहे हो! कागदावर भरवसा ठेवला म्हणूनच ते झालं. मैत्रीपूर्ण सामना ठरतो तो पत्रव्यवहारावर. लेटरहेड आणि शिक्का आला की यजमान तारीख देतात. मध्ये एजंट असला तर दोन महासंघ एकमेकांशी थेट बोलतीलच असं नाही. करायला हवं होतं ते इतकंच: टोगोच्या महासंघाला स्वतः फोन लावायचा आणि आलेली यादी आधीच्या सामन्याच्या यादीशी ताडून बघायची. खरा संघ तीनच दिवस आधी बोत्सवानात पात्रता सामना खेळला होता, यादी उघड होती.
गडबड दिसली ती मैदानात. बहारीनचे प्रशिक्षक योसेफ हिकर्सबर्गर म्हणाले, ही मुलं नव्वद मिनिटं खेळण्याइतकी तंदुरुस्तच नव्हती. तो संघ नेणारा टोगोचा माजी प्रशिक्षक बाना याच्यावर टोगोच्या महासंघाने तीन वर्षांची बंदी घातली. आणि हिकर्सबर्गर म्हणजे तेच, जे १९९० मध्ये ऑस्ट्रियाचे प्रशिक्षक असताना डेन्मार्कच्या फेरो बेटांकडून ०-१ हरले आणि पद सोडून गेले. फेरोकडे तेव्हा गवताचं मैदान नव्हतं, 'घरचा' सामना स्वीडनमधल्या लांड्सक्रोनात झाला. मैदान मावत नाही म्हणून राष्ट्र नाही, हा तुमचा मुद्दा तिथेच पडतो.

पेठेतला बॅक
टोगो टोगो काय लावलंय भावांनो! कोल्हापुरात पाटाकडील आणि शिवाजी तरुण मंडळ समोरासमोर आले की पेठा मैदानावर येतात. ती निष्ठा शंभर नंबरी, तरी पेठेला कुणी राष्ट्र म्हणत नाही. नुसत्या निष्ठेने राष्ट्रीय संघ होत नाही.
आणि कोनिफाच्या, म्हणजे फिफाबाहेरच्या संघांच्या संघटनेच्या, वर्ल्ड कपचं कौतुक करणाऱ्यांनी वेळापत्रक बघावं. २०१८ ला लंडनमध्ये १६ संघ, ३१ मे ते ९ जून, विजेत्याला दहा दिवसांत सहा सामने. हौशी खेळाडूंचे पाय तिसऱ्या सामन्यापासूनच जड होणार. पाय जड झाले की बचाव मागे सरतो, मधली फळी पुढे जात नाही, गोल आटतात. पहिल्या तिन्ही फायनल पेनल्टीवर गेल्या: २०१४ ला ०-०, २०१६ ला १-१, २०१८ ला ०-०.

सात नंबर
तो १-१ पंजाबचा होता, जॉर्जियापासून फुटलेल्या अबखाझियाच्या घरी, पेनल्टीवर ५-६ हरले. इंग्लंडमधल्या पंजाबी पोरांचा संघ. थकवा मान्य. पण मैदान आणि हॉटेल दहा दिवसांपलीकडे परवडत नसेल, तर दोष खेळाडूंचा कसा? पेठेचं उदाहरणही लागू नाही. पेठेतल्या पोराला महाराष्ट्राचा आणि भारताचा दरवाजा उघडा आहे. चागोसच्या पोराला चागोस म्हणून खेळायला दुसरा दरवाजाच नाही.

पेठेतला बॅक
दरवाज्याचं पटलं. वेळापत्रकाचं पटलेलं नाही. १६ ऐवजी ८ संघ घ्या, प्रत्येकाला एक दिवस जास्त विश्रांती मिळेल.

पंचाची शिट्टी
बरं. 'एकाही संघाला' हे शब्द मागे घेतो. चागोसला राष्ट्रीय संघ म्हणेन. सीलँडला नाही, काही झालं तरी नाही.

सात नंबर
सीलँडसाठी मी भांडतच नव्हतो.