मदत हवी आहे: बीगलच्या फिट्स आणि फेनोबार्बिटोन

आमचा बंड्या, बीगल जातीचा कुत्रा, वय ४, वजन १२ किलो. दोन महिन्यांत तीन वेळा फिट आली, तिन्ही वेळा पहाटे. पाय ताठ, तोंडाला फेस, नंतर अर्धा तास घरभर भिंतींना धडकत फिरतो. रक्ततपासणी नॉर्मल आहे. डॉक्टरांनी फेनोबार्बिटोन (फिट्सवरची गोळी) ३० मिग्रॅ दर १२ तासांनी सुरू केलंय. आज नववा दिवस.

तेव्हापासून सतत पाणी पितो, घरातच शू करतो, मागचे पाय लटपटतात. आणि भूक! काल कणकेचा गोळा पळवला. रक्तात औषधाची पातळी स्थिर व्हायला दोनेक आठवडे लागतात, असं डॉक्टर म्हणाले. तुमच्या कुत्र्याचं लटपटणं किती दिवसांत कमी झालं?

दुसरं म्हणजे, गोळी अचानक बंद करायची नाही, नाहीतर फिट्स जोरात येतात. पण आमच्या सांगलीत दोन मेडिकलवाल्यांनी जनावरांच्या डॉक्टरांची चिठ्ठी बघून गोळ्या द्यायला नकार दिला. आठच गोळ्या उरल्यात, म्हणजे चार दिवस. सांगली-मिरजेत कुठे मिळतील? डोस बदलायचे सल्ले नकोत, ते डॉक्टर बघतील.