शब्दचर्चा: स्पॅनिशमध्ये ‘शोधा’ लिहिताना ‘सी’ कुठं जातो?

वेरूळकर: वेरूळला गाइडचं काम करायचंय, म्हणून स्पॅनिश शिकायलोय. बुस्कार म्हणजे शोधणे. ‘तू शोध’ला बुस्का, त्यात साधा सी. ‘तुम्ही शोधा’ला बुस्के, तिथं सी जाऊन क्यू-यू येतात. असली क्रियापदं अनियमित धरून एकेक पाठ करायची का?

लातूरकर: पाठ करू नका दादा, ही अनियमित नाहीतच. मोठ्यानं म्हणून बघा: बुस्कार, बुस्का, बुस्के. ‘क’ कुठंच हललेला नाही. ‘आर’नं संपणाऱ्या क्रियापदांच्या आदरार्थी आज्ञेत शेवटी ‘ए’ असा उच्चार येतो, तो ई (e) या अक्षरानं लिहितात. आणि पुढं ई किंवा आय हे अक्षर आलं की सी ‘स’ वाचला जातो, स्पेनच्या बऱ्याच भागांत ‘थ’. मग ‘क’ राखायला क्यू-यू लिहावंच लागतं. आपल्याकडं ‘क’वर मात्रा दिली की ‘के’, व्यंजनाला धक्का नाही. म्हणून हे अवघड वाटतं. पागार, म्हणजे पैसे देणे, याचंही तसंच: पागा, पागे. ‘पागे’त जी-नंतर मुका यू घातला नाही तर लोक ‘पाखे’ वाचतील. खरं तर आपल्या घे-घ्या, ये-या मध्ये उच्चारच बदलतो, ते जास्त कठीण!

परभणीकर: पण क्रुसार (ओलांडणे) चं क्रुसे होताना झेडचा सी होतो. तिथं तर झेड ठेवला तरी उच्चार तोच राहिला असता.

लातूरकर: बरोबर धरलंत. तिथं निव्वळ लेखनाचा नियम आहे, ई-आयच्या आधी सहसा झेड लिहीत नाहीत. एस्कोखेर (निवडणे) मध्ये मात्र पुन्हा उच्चाराचंच कारण. आदरार्थी रूपाच्या शेवटी ‘आ’ येतो, मूळचा जी (g) ठेवला तर ‘गा’ होईल, म्हणून जे (j) हे अक्षर: एस्कोखा. सेगिर (पुढं जात राहणे) चं सीगा, इथं यूची गरज संपते म्हणून तो गळतो. ‘से’चा ‘सी’ होतो तो उच्चारातला खरा बदल, तेवढा पाठ करावा लागंल.

वेरूळकर: मग कैलास लेण्यापाशी ‘जवळ या’ कसं म्हणू?

लातूरकर: एकाला असेर्केसे, घोळक्याला असेर्केन्से. दोन्हीत क्यू-यू, आणि ‘सेर’मधल्या ई-वर तिरकी रेघ द्यायला विसरू नका. लहान पोराला असेर्काते, तिथं सी कायम. शिल्पाला ‘हात लावू नका’ हेही लागंलच: नो तोके. नकारात मात्र पोरालाही क्यू-यूच येतं, नो तोकेस.