इंग्रजीच्या तासाला फक्त इंग्रजीच: नियम हवा की नको?

खडूवाली_बाई
शाळा उघडायला चार दिवस राहिलेत. मी नववी-दहावीला इंग्रजी शिकवते. मराठी माध्यम, सोलापूरच्या पूर्व भागातली शाळा, एका तुकडीत साठच्या आसपास मुलं. पहिल्या तासाला मी धडा घेत नाही. नियम सांगते, वहीच्या पहिल्या पानावर उतरवून घेते आणि खाली पालकांची सही आणायला लावते. यंदा यावरनं स्टाफरूममध्ये जुंपली, म्हणून इथं विचारतेय.

घंटा झाली की पाच मिनिटांत जागेवर. त्यानंतर येणाऱ्यानं मागच्या दारानं यायचं, शेवटच्या बाकावर बसायचं, "मे आय कम इन"चा गजर करायचा नाही. वह्या सोमवारी, बाकांच्या ओळीप्रमाणे, मॉनिटरकडे. सोमवार चुकला तर पुढचा सोमवार. मधल्या वारी वही घेऊन माझ्यामागे जिन्यावर पळायचं नाही. गाईड वर्गात उघडायचं नाही. मोबाईल शाळेतच आणायचा नाही. इथपर्यंत कुणाची तक्रार नव्हती. वाद शेवटच्या नियमावरून आहे: तासाला इंग्रजीतच बोलायचं. मराठी, तेलुगू, कन्नड, हिंदी, काहीच नाही. बोललं की एक रुपया डब्यात. वर्षाच्या शेवटी त्या पैशातून वर्गासाठी डिक्शनरी घेते.

माझं म्हणणं सरळ आहे. बहुतेक मुलांच्या घरी तेलुगू, गल्लीत मराठी-हिंदीची मिसळ. माझ्या तासाला इंग्रजी कानावर पडली नाही, तर दिवसभरात दुसरीकडं कुठं पडणार आहे?

हिंजवडीकर_सोलापुरी
शंभर टक्के बरोबर मॅडम. आमच्या वेळी हा नियम असता तर पुण्यात पहिल्या मुलाखतीला माझी दातखीळ बसली नसती. ग्रामर सगळं येत होतं बे, पॅसिव्ह व्हॉइस झोपेत करून दाखवला असता, पण "टेल मी अबाउट युवरसेल्फ" म्हटल्यावर नाव-गाव सांगून गप्प. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. म्हणजे नववीतल्या पोराची आठ वर्षं झालीत, तरी पाणी मागायला त्याला मराठी लागतंय. सवय लावायची तर थोडा चटका बसायलाच पाहिजे. एक रुपयानं कुणाचं काय जातंय?

विडीघरकुल
दादा, कुणाचं काय जातंय ते मी सांगते. माझी आई विड्या वळायची. मजुरी हजार विड्यांवर, त्यात कारखान्यात चेकर खराब म्हणून छाट काढणार ती वेगळी. एका रुपयाच्या विड्या किती होतात हे आम्हा बहिणींना पाढ्यासारखं पाठ होतं. आमच्या शाळेतसुद्धा असाच डबा होता. मी काय केलं? नववीचं वर्षभर इंग्रजीच्या तासाला तोंडच उघडलं नाही. शंका आली तरी विचारली नाही, कारण इंग्रजीत विचारता येत नव्हती आणि मराठीत विचारायला पैसे पडत होते. प्रगतिपुस्तकावर शेरा आला, "शांत व शिस्तप्रिय". आई खूष!

बाई, तुमच्या डब्यात सगळ्यात जास्त पैसे कोण टाकतं ते एकदा बघा. बडबडी पोरं टाकत असणार, आणि ती कुठल्याही भाषेत बोलणारच. जी एकदाही टाकत नाहीत, ती इंग्रजी बोलतात म्हणून की बोलतच नाहीत म्हणून?

टॉवेलवाला
माझा मुद्दा वेगळा आहे. इंग्रजीचं तुम्ही जाणकारांनी बघा. मागच्या दारानं या, हे काय आहे? म्हणजे उशिराला परवानगीच दिल्यासारखं झालं. आमच्या कारखान्यात पाळी सुरू झाली की सुरू झाली, उशिरा येणाऱ्याला त्या पाळीला माग मिळत नाही. पोरांना आत्ताच कळलं पाहिजे. बाहेर उभं करा, दोन दिवसांत वेळेवर येतील.

खडूवाली_बाई
काका, बाहेर उभा केलेला मुलगा काय करतो ते मी रोज बघते. शेजारच्या वर्गाच्या खिडकीत हातवारे करतो. त्याचं इंग्रजी बुडतं आणि शेजारच्यांचं गणित. शिवाय दारात उभं राहून परवानगी मागितली की मी थांबते, साठ माना वळतात, कुणीतरी खुदकन हसतं, आणि फळ्यावरचं वाक्य कुठं होतं ते मलाच शोधावं लागतं. एका तासाला असे चार जण आले तर पस्तीसातली दहा मिनिटं गेली. मागच्या दारानं गुपचूप आला तर फक्त त्याचंच नुकसान होतं, आणि ते त्याला वहीत दिसतं, कारण सुरुवातीची पाच वाक्यं मी परत सांगत नाही.

आणि ज्या दिवशी नळाला पाणी येतं त्या दिवशी कोण उशिरा येतं, हे सोलापुरात राहणाऱ्याला मी सांगायला नको. घरातली मोठी मुलगी घागरी भरून झाल्याशिवाय निघत नाही. तिला बाहेर उभं करून काय शिकवायचं?

निवृत्त_मुख्याध्यापक
डब्याबद्दल कायद्याच्या अंगानं लिहितो. शिक्षण हक्क कायदा २००९, कलम १७: शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ, दोन्हींना मनाई. रुपया हा छळ आहे का यावर वकील दिवसभर भांडतील. पण पालकानं लेखी तक्रार केली तर मुख्याध्यापकाची धावपळ होते, हे अनुभवानं सांगतो. शाळेत विद्यार्थ्याकडून घेतलेल्या पैशाला पावती लागते. डब्याला कुठली पावती?

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. दहावीच्या तृतीय भाषा इंग्रजीच्या ८० गुणांच्या लेखी परीक्षेत ५ गुणांचा प्रश्न भाषांतराचा असतो. शब्द, वाक्यं, म्हणी-वाक्प्रचार, सगळं माध्यमाच्या भाषेत लिहायचं. म्हणजे परीक्षा घेणारं मंडळ म्हणतंय की इंग्रजीच्या पेपरात मराठी लिहा, गुण देतो. आणि बाई म्हणतात की इंग्रजीच्या तासात मराठी बोललास तर रुपया काढ. भाषांतराच्या तासाला तुम्ही काय करता? डबा झाकून ठेवता?

हिंजवडीकर_सोलापुरी
सर, आदर आहेच, पण कलम १७ तुम्ही अर्धंच सांगताय. तो कायदा सहा ते चौदा वयाच्या मुलांसाठी आहे. दहावीतली बहुतेक पोरं पंधरा पूर्ण केलेली असतात.

निवृत्त_मुख्याध्यापक
बरोबर आहे. मग नववीत जुलैपर्यंत चौदा वर्षांच्या मुलाकडून घ्यायचा नाही आणि ऑगस्टमध्ये वाढदिवस झाला की घ्यायला सुरुवात करायची, असं करा. हजेरीपटात जन्मतारखा असतातच.

दहावी_ब
मी त्या वर्गातला नाही, दुसऱ्या शाळेतला आहे, पण नियम हाच आहे. खरं काय होतं ते सांगू का? सगळ्यांनी एकच वाक्य पाठ केलंय, "मे आय ड्रिंक वॉटर". त्यामुळं इंग्रजीच्या तासाला सगळ्या वर्गाला तहान लागते. बाकी बोलणं खुणांनी चालतं. पेन पाहिजे असेल तर हवेत लिहून दाखवायचं. उन्हाळ्यात पंखा बंद पडला तरी कुणी सांगत नाही, कारण "फॅन बंद पडला" याला इंग्रजीत काय म्हणायचं यावर मागच्या बाकावर आधी मीटिंग होते.

अजून एक. मोबाईल नको म्हणता, पण पुस्तकातल्या धड्यांना क्यूआर कोड आहेत. स्कॅन कशानं करायचे?

क्लासवाला
क्यूआर कोडवरून आठवलं, ते पाठ्यपुस्तकात आणायला सुरुवात केली ती आपल्याच जिल्ह्यातल्या रणजितसिंह डिसले गुरुजींनी, माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत. २०२० चं ग्लोबल टीचर प्राइज त्यांना मिळालं. पण कोड घरी स्कॅन करता येतो की. साठ पोरं, साठ मोबाईल, आणि धड्याचा व्हिडिओ बघणारी पाच, हे चित्र मला क्लासमध्ये रोज दिसतं. मोबाईलबंदी राहू द्या.

गाईडवर मात्र बाईंशी माझं पटत नाही. मी गाईड विकत नाही, आधीच सांगतो. पहिल्या बाकावरच्या पोरानं गाईडमधून कवितेचं रसग्रहण उतरवलं तर तो आळशी. शेवटच्या बाकावरच्यानं तेच उतरवलं तर निदान पाच-सहा इंग्रजी वाक्यं हातानं लिहिली, आणि ३५ गाठायला त्याला तीच लागतात. दोघांना एक नियम कसा?

आणि बोलण्याचंच म्हणाल तर तोंडीचे २० गुण बघा. २०१८-१९ ला भाषा विषयांचे ते गुण बंद केले. मार्च २०१९ चा दहावीचा निकाल ८९.४१ वरून ७७.१० टक्क्यांवर आला. ओरड झाली, पुढच्या वर्षी गुण परत आले, निकाल ९५.३०. यातून कुणी म्हणेल तोंडी महत्त्वाची. मी म्हणतो, २० पैकी १८ कसे पडतात ते सगळ्यांना माहीत आहे. पोरगा नाव सांगतो, छंद सांगतो, "माय हॉबी इज क्रिकेट", झालं. तिथं खरं बोलायला लावलं असतं तर वर्षभर डब्याची गरजच नव्हती.

टॉवेलवाला
म्हणजे शाळाच खोटे मार्क देते आणि वर पोरांना शिस्त लावते. छान आहे.

खडूवाली_बाई
एकेकाला उत्तर देते.

तोंडीचं: सगळीकडं तसं नसतं, पण चालतं हेही खरं. यावर जास्त लिहीत नाही, नोकरी आहे.

गाईड: माझा नियम गाईड वर्गात उघडायचं नाही एवढाच आहे. घरी कोण काय करतं ते मी बघत नाही. वर्गात उघडलं की मी प्रश्न विचारायच्या आधीच तिसऱ्या बाकावरून उत्तर येतं, तेही छापील. मग बाकीचे विचार करायचं सोडतात. तो नियम मी हलवणार नाही.

वह्यांच्या सोमवारावर कुणी बोललं नाही, पण मला विचाराल तर सगळ्यात कामाचा नियम तो. साठ वह्या, एकीला दोन मिनिटं धरली तर एका तुकडीचे दोन तास. दोन तुकड्यांचे चार. बाकांच्या ओळीप्रमाणे आल्या तर वही कुणाची ते मुखपृष्ठ न बघता कळतं, आणि परत वाटायला मॉनिटरला दोन मिनिटं पुरतात. नाहीतर वाटण्यातच अर्धा तास बाजारासारखा जातो. याला कायदा लागत नाही, दंड लागत नाही. जूनमध्ये दोन-तीन आठवडे कटकट, मग आपोआप.

डबा: मुख्याध्यापक सर, पावतीचा मुद्दा मान्य. यंदा डबा नाही. पण इंग्रजीचा नियम राहणार. विडीघरकुल ताई, तुमच्यासारख्या मुली माझ्या वर्गात आहेत, मला माहीत आहे. पण नियम काढला की त्या बोलायला लागतील असं नाही. मग त्या मराठीतही गप्पच बसतात.

विडीघरकुल
बसतील की, कारण आठवीपर्यंत गप्प बसायलाच शिकवलंय. म्हणून नियमच असा करा की गप्प बसणं महाग पडावं. शंका कुठल्याही भाषेत विचारायची, मराठी, तेलुगू, काहीही. शेजारणीनं तिचं इंग्रजी करायचं, जमेल तसं, चुकलं तरी चालेल. मग बाई उत्तर देणार, इंग्रजीत. तेलुगूवाल्या पोरीला इंग्रजी ही चौथी भाषा आहे: घरची तेलुगू, शाळेची मराठी, वर हिंदी, मग इंग्रजी. पहिल्या तीन बंद करून चौथी कुठनं येणार?

हिंजवडीकर_सोलापुरी
ताई, वाचायला छान वाटतंय. पस्तीस मिनिटांत साठ पोरं, त्यात भाषांतरकार शेजारीण. धडा कधी संपायचा? आणि पोर्शन नाही संपला तर ओरडणारे पहिले पालकच. ऑफिसात माझ्या शेजारी कुणी भाषांतर करायला बसत नाही.

विडीघरकुल
तुमच्या ऑफिसात चूक झाली की रुपया घेतात का?

निवृत्त_मुख्याध्यापक
मधला मार्ग मी वापरलेला आहे. तासाची शेवटची सात-आठ मिनिटं शंकांची, कुठल्याही भाषेत. त्याआधी शिक्षकानं आणि मुलांनी इंग्रजीत. अट एकच: आधी शिक्षकानं पाळायची. आमचे कितीतरी इंग्रजीचे शिक्षक धडा मराठीत सांगतात आणि मुलांकडून इंग्रजीची अपेक्षा धरतात. बाई, तुम्ही स्वतः तासाला किती मराठी बोलता?

खडूवाली_बाई
रागावते तेव्हा मराठीतच. इंग्रजीत रागावलं तर पोरं हसतात.

शेवटची मिनिटं मला जमणार नाहीत, तोपर्यंत शंका विसरलेली असते. ताईंची शेजारणीची पद्धत नववीत करून बघते, सहामाहीपर्यंत. दहावीत नाही, तिथं पोर्शनचं हिंजवडीकर म्हणतात ते खरं आहे. आणि कोण बोललं त्याची खूण हजेरीपटात करीन. मागचे रकाने रिकामेच असतात. महिन्याभरात ज्याच्यापुढं एकही खूण नाही, त्याला मी स्वतः विचारणार.

दहावी_ब
मॅडम, स्वतः विचारणार म्हणजे उभं करून का?

खडूवाली_बाई
नाही. वही तपासून परत देताना, बाकाजवळ जाऊन.

टॉवेलवाला
मागच्या दाराचं अजून पटलेलं नाही. पाणी भरणारी पोरगी समजू शकतो, पण त्या दारानं चहाच्या गाड्यावरनं येणारी पोरंही आत घुसणार. त्यांना वेगळं कसं ओळखणार ते सांगा.